निर्जन किनाऱ्यांचें वाङ्मय

प्रवासवर्णन हा प्रकार मराठींत आतां चांगला रुळला आहे. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं छापून निघाला, तेव्हांपासून मोजलें तरी शतकाहून अधिक काळ लोटला. आणि एवढ्या अवधींत या प्रकाराचे गुणदोष पारखण्यापुरता अनुभव आमच्या वाचकवर्गाच्या गांठीस जमला असला पाहिजे. अलीकडे मात्र या वृक्षाच्या एकाच फांदीला विशेष बहर आलेला दिसतो. दिवाळी अंक उघडावा, रविवारची पुरवणी उघडावी, कीं उष्ण कटिबंधांतील एखादें दूरचें बेट, त्याचा निवांत किनारा, माडांची रांग आणि निळें पाणी हीं आपल्या स्वागतास उभींच असतात. लेखक तेथें चार दिवस राहतो, आणि परत आल्यावर मोठ्या समाधानानें सांगतो कीं, तेथें कांहींच नाहीं: हॉटेलें नाहींत, बाजार नाहीं, दिव्यांचा झगमगाट नाहीं, टेलिफोन नीट लागत नाहीं. या लेखांची भाषा बहुधा स्वच्छ असते, निरीक्षण कधीं कधीं सूक्ष्म असतें, आणि छायाचित्रें तर सुंदर असतातच. तरी या वाङ्मयाचें मूल्य काय, हा प्रश्न कोणी विचारलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. प्रस्तुत लेखांत तो विचारण्याचें योजिलें आहे.

प्रश्न विचारणारा कोठें बसून विचारतो, हें आरंभींच सांगणें न्यायाचें होईल. हे लेख आम्ही वाचतों ते सिरोंच्यास बसून. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाचें हें तालुक्याचें गांव प्राणहितेच्या कांठीं आहे. जिल्ह्याचें ठिकाण येथून दोनशें किलोमीटरांहून दूर, आणि समुद्र त्याहूनहि कितीतरी दूर. प्राणहिता येथून खालीं कालेश्वरापाशीं गोदावरीला मिळते, आणि पुढें सोमनूरजवळ इंद्रावती येऊन मिळते. तीन राज्यांच्या सीमा या भागांत एकमेकींजवळ येतात. बाजारांत तेलुगू, शाळेंत मराठी आणि रानांतल्या गांवांत माडिया अशा तीन भाषा एका दिवसांत कानांवर पडतात. उन्हाळ्यांत नदी आटली म्हणजे नजर पोंचेल तेथवर वाळवंट पसरतें, आणि पावसाळ्यांत नदीनाले एकदम चढले म्हणजे तालुक्यांतलीं कित्येक गांवें चहूंकडून पाण्यानें वेढलीं जातात. भूगोलाच्या पुस्तकांत बेटाची व्याख्या हीच दिलेली असते. म्हणून बेटांच्या वाङ्मयाबद्दल बोलण्याचा थोडासा अधिकार, समुद्रापासून इतक्या दूर राहूनहि, आम्हांस आहे असें आम्ही समजतों.

या लेखांचें सारें मर्म त्या एका वाक्यांत आहे: 'तेथें कांहींच नाहीं.' आमच्या नैयायिकांनीं अभावाचा मोठा सूक्ष्म विचार केला आहे. अभाव हा नुसता कधींच असत नाहीं, असें ते सांगतात. तो कशाचा तरी असतो आणि कोठें तरी असतो. ज्याचा अभाव त्यास ते प्रतियोगी म्हणतात, आणि जेथें अभाव तें अधिकरण. भूतलावर घट नाहीं असें म्हणावयाचें, तर घट म्हणजे काय हें आधीं ठाऊक हवें. आतां हा नियम आपल्या बेटाला लावून पाहावा. पाहुणा म्हणतो, येथें सोयी नाहींत. त्याच्या मनांतला प्रतियोगी म्हणजे हॉटेल, गर्दी, मोटारींचा आवाज. यांचा अभाव त्यास सुखकर होतो, कारण यांचा अतिरेक तो घरीं सोसून आलेला असतो. तेंच वाक्य बेटावरची बाळंतीण उच्चारील, तर तिच्या मनांतला प्रतियोगी दवाखाना असेल. अधिकरण एकच, शब्दहि तेच. परंतु प्रतियोगी बदलतांच पहिल्याचा आनंद दुसरीचें संकट होऊन बसतो. या लेखांचा वाङ्मयीन दोष आमच्या मतें हाच कीं, ते प्रतियोगी सांगत नाहींत. कशाचा आणि कोणाला, हें गाळून नुसता अभाव वर्णिला म्हणजे तो सौंदर्यासारखा दिसूं लागतो. या दोषाचा निवाडा नीतीच्या दरबारांत नेण्याची आम्हांस घाई नाहीं. तो आधीं भाषेचा दोष आहे. वाक्य अपुरें राहिलें आहे.

बेटाच्या वाङ्मयाचा मूळ पुरुष डॅनियल डिफो यानें तें अपुरें ठेविलें नव्हतें. त्याचा 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ सालीं प्रसिद्ध झाला. क्रूसो म्हणजे एकान्ताचा महिमा, अशी पुष्कळांची समजूत लहानपणीं वाचलेल्या संक्षेपांवरून झालेली असते; मूळ ग्रंथ वाचला म्हणजे ती टिकत नाहीं. किनाऱ्याला लागल्यावर पहिल्या तेरा दिवसांत तो मोडक्या गलबतावर अकरा वेळां जातो, आणि तेथून काय काय आणतो हें डिफोनें एखाद्या दुकानदाराच्या काळजीनें लिहून ठेविलें आहे: खाण्याचे जिन्नस, सुताराचीं हत्यारें, बंदुका, दारूगोळा, दोरखंड, शिडाचें कापड. म्हणजे बेटावर सोयी नाहींत हें त्यास लगेच कळलें, आणि तें त्यास मुळींच आवडलें नाहीं. पुढें अठ्ठावीस वर्षें तो तेथें काढतो, आणि त्यांतला केवढा तरी काळ एकेक सोय निर्माण करण्यांत जातो: कुंपण, मडकें, भाकरी, होडी. मडकें भाजून पक्कें होतें आणि विस्तवावर पाणी धरूं लागतें, त्या प्रसंगाचा आनंद तीनशें वर्षांनंतरच्या वाचकासहि होतो. कारण मडकें नसणें म्हणजे काय, हें डिफोनें आपणांस आधीं भोगावयास लाविलेलें असतें. त्या ग्रंथांतला मोठा दोष निराळाच आहे. बेटावर दुसरा मनुष्य येतो तेव्हां क्रूसो त्याचें नांव विचारीत नाहीं. त्याला 'शुक्रवार' हें नांव देतो, आणि आपणांस 'धनी' म्हणावयास शिकवितो.

पुढच्या बेटवाङ्मयानें क्रूसोचा गुण मागें टाकला आणि दोष तेवढा उचलला. हर्मन मेलव्हिलचें 'टायपी' १८४६ सालीं निघालें. मार्केसास द्वीपसमूहांतील नुकु हिवा या बेटावरच्या रहिवाशांत आपण चार महिने राहिलों, असें त्यानें वाचकास सांगितलें होतें. पुढें अभ्यासकांनीं शोध केला, तेव्हां १८४२ सालचा तो मुक्काम सुमारें चार आठवड्यांचा निघाला. चार आठवड्यांचे चार महिने कां करावे लागले? इतक्या थोड्या मुक्कामावर इतका मोठा निष्कर्ष उभा राहत नाहीं, हें त्या बुद्धिमान् लेखकाला स्वतःलाच कळत असलें पाहिजे. चित्रकार पॉल गोगँ १८९१ सालीं ताहितीस गेला. नागर जीवनाचा स्पर्श न झालेलें बेट त्यास हवें होतें; परंतु पापीते बंदरांत उतरला तों फ्रेंच अंमल, कचेऱ्या आणि मिशनरी त्याच्या आधींच तेथें पोंचलेले होते. 'नोआ नोआ' या आपल्या पुस्तकांत तो ताहितीच्या जुन्या देवदेवतांच्या कथा आपल्या तरुण स्थानिक सहचरीच्या तोंडून ऐकल्याप्रमाणें सांगतो. वस्तुतः त्यांतल्या पुष्कळ त्यानें मोरेनहूट नांवाच्या लेखकाच्या १८३७ सालच्या ग्रंथांतून उतरून घेतल्या होत्या. त्याच्या चित्रांची थोरवी यानें कमी होत नाहीं. पण बेटावरच्या माणसाच्या तोंडीं आपणांस हवें तें घालावयाचें, आणि खरें वाटावें म्हणून त्याच्याच नांवावर खपवावयाचें, ही खोड किती मोठ्या मंडळींपासून चालत आली आहे, हें यावरून दिसेल. आजच्या लेखांत भेटणारा तो हंसतमुख नावाडी, जो हटकून 'आम्हांला कशाचीच कमी नाहीं' असें म्हणतो, तो याच कुळांतला.

यावर एखादा रसिक म्हणेल कीं, या लेखांकडे इतक्या कठोर दृष्टीनें पाहूंच नये. त्यांत शांतरस आहे, त्याचा आस्वाद घ्यावा आणि स्वस्थ बसावें. आक्षेप विचार करण्यासारखा आहे. परंतु शांत जागेचें वर्णन केल्यानें शांतरस निष्पन्न होतो, असें आमच्या साहित्यशास्त्रानें कोठेंहि म्हटलेलें नाहीं. अभिनवगुप्तानें या रसाची प्रतिष्ठापना केली तेव्हां त्याच्या मुळाशीं तत्त्वज्ञान ठेविलें. मम्मटानें निर्वेद हा त्याचा स्थायीभाव सांगितला. समुद्रकिनारा हा फार तर उद्दीपन विभाव होईल. रस उभा राहावयास आंत कांहीं तरी सुटावें लागतें. या लेखांतील निवेदकाचें कांहींच सुटत नाहीं. तो थकलेला असतो, विसावतो, आणि ताजातवाना होऊन कामावर रुजू होतो. विश्रांति ही चांगली गोष्ट आहे. थकलेल्या माणसानें ती जरूर घ्यावी, आणि चार दिवसांच्या सुटीबद्दल त्यास कोणी नांवें ठेवूं नयेत. मात्र तिला रसाचा मान देतां येत नाहीं. परतीचें तिकीट खिशांत असतां होणारा निर्वेद हा निर्वेदाचा केवळ आभास होय.

परतीचें तिकीट नसतां बेट कसें दिसतें, हें पाहावयाचें असल्यास मराठी वाचकाला दूर जावें लागत नाहीं. विनायक दामोदर सावरकरांचा 'माझी जन्मठेप' हा ग्रंथ १९२७ सालीं प्रसिद्ध झाला. ४ जुलै १९११ रोजीं ते अंदमानांत उतरले, आणि १९२१ सालीं त्यांना हिंदुस्थानांत परत आणण्यांत आलें. त्यांच्या राजकारणाविषयीं वाचकांचीं मतें भिन्न असतील, आणि तो येथील विषयहि नाहीं. बेटाचें वाङ्मय म्हणून या ग्रंथाकडे पाहिलें तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. आजच्या प्रवासलेखांत नारळ येतो तो शहाळें म्हणून: थंड, गोड, नळीनें पिण्याचें. 'जन्मठेपें'त नारळ येतो तो काथ्या म्हणून आणि तेल म्हणून. नारळाचीं सोडणें कुटून काथ्या काढावयाचा, कोलूला जुंपून घेऊन ठरल्या वजनाचें तेल संध्याकाळपर्यंत भरून द्यावयाचें, आणि तें कमी भरलें तर शिक्षा भोगावयाची. झाड तेंच, समुद्र तोच, वाराहि तोच. १८९६ पासून १९०६ पर्यंत बांधलेल्या त्या तुरुंगाच्या सात ओळी मधल्या मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघत, आणि प्रत्येक कोठडीचें तोंड पुढच्या ओळीच्या पाठीकडे असे, म्हणजे एका बंदिवानाला दुसऱ्याचें दर्शन घडूं नये. एकान्त ही तेथें मुद्दाम योजिलेली शिक्षा होती. तो तुरुंग १९७९ पासून राष्ट्रीय स्मारक आहे. पाहुणे सकाळीं तें स्मारक पाहतात आणि दुपारीं किनाऱ्यावर जातात, यांत गैर कांहीं नाहीं. पण त्यांच्या लेखांत या दोन्ही जागा एकाच द्वीपसमूहांत असल्याचें क्वचितच जाणवतें. 'निर्जन' हें विशेषण दोन्हीकडे लागू पडतें, हें लेखकाच्या ध्यानांत आलें असतें, तर तें विशेषण त्यानें अधिक जपून वापरलें असतें.

तुरुंगाचें उदाहरण टोंकाचें वाटेल. मग मोकळ्या माणसांचीं बेटें घेऊं. जानेवारी २०२४ मध्यें लक्षद्वीपाचें नांव एकाएकीं वर्तमानपत्रांत गाजूं लागलें, आणि तेथील किनाऱ्यांची वर्णनें चोहोंकडे दिसूं लागलीं. ३६ बेटें मिळून सुमारें ३२ चौरस किलोमीटर जमीन. त्यांतील १० बेटांवर वस्ती. २०११ च्या खानेसुमारींत लोकसंख्या ६४ हजारांच्या घरांत. प्रवाळाच्या या सपाट बेटांवर नदी नाहीं. पावसाचें पाणी वाळूंत मुरतें, आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत राहतो. विहिरीला लागतें तें हेंच. उपसा फार झाला कीं खारें पाणी वर चढतें. या अडचणीवर उपाय म्हणून २००५ सालीं कवरत्ती येथें समुद्राच्या पाण्यापासून गोडें पाणी करण्याचें यंत्र उभारलें. समुद्राच्या पृष्ठावरचें उबदार पाणी आणि खोलांतलें थंड पाणी यांच्या उष्णतेंतील फरकावर तें चालतें. आतां या बेटांवरचा कोणताहि लेख घ्यावा, समुद्राच्या निळाईला त्यांत किती विशेषणें मिळालीं हें मोजावें, आणि पिण्याच्या पाण्याविषयीं किती वाक्यें आलीं हेंहि मोजावें. लेखक चार दिवस आंघोळ करीत होता, चहा पीत होता. तें पाणी कोठून आलें, एवढा प्रश्न मात्र त्याच्या सूक्ष्म निरीक्षणांतून निसटला. तसें पाहतां, 'सोयी नाहींत' हें त्याचें वाक्य मग अपुरेंच नव्हे तर चुकीचेंहि ठरतें. त्याच्यापुरत्या सोयी होत्या. त्या कोणाच्या वांट्यांतून आल्या, हें त्यानें पाहिलें नाहीं.

तर मग परक्यानें बेटावर लिहूंच नये कीं काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यानें 'ट्रेझर आयलंड'मधलें बेट नकाशावर आणि कल्पनेंत रचलें. पण १८९० मध्यें सामोआंत घर करून राहूं लागल्यावर त्याच्या लेखणीला निराळें वळण लागलें. तेथील लोकांचे आपसांतील तंटे आणि त्यांत हात घालणाऱ्या जर्मनी, इंग्लंड व अमेरिका यांचीं कारस्थानें यांवर त्यानें १८९२ सालीं एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें. वाचकांना त्याच्याकडून साहसकथा हव्या असतांना त्यानें हें रुक्ष काम केलें. १८९४ सालीं तुरुंगांतून सुटलेल्या सामोअन सरदारांनीं कृतज्ञतेनें त्याच्या घरापर्यंत रस्ता बांधून दिला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो तेथेंच वारला. दुसरें उदाहरण मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की याचें. ट्रोब्रियंड बेटांवर दीर्घ काळ राहून त्यानें १९२२ सालीं आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याच्या मरणानंतर, १९६७ सालीं, त्याची खासगी दैनंदिनी छापली गेली, आणि अनेकांचा भ्रमनिरास झाला. कारण तींत कंटाळा आहे, चिडचिड आहे, घरची ओढ आहे, कादंबऱ्यांत तोंड खुपसून काढलेले दिवस आहेत, आणि बेटवासीयांविषयीं अनुदार उद्गारहि आहेत. ते उद्गार कोणी क्षम्य मानूं नयेत. परंतु बेटावर कंटाळा येतो, ही माहिती त्या दैनंदिनींत आहे, आणि शंभर प्रवासलेखांत ती मिळत नाहीं. पाहुण्याच्या चार दिवसांत कंटाळ्याला शिरकावच नसतो. आमच्या मतें कंटाळा येईपर्यंत राहिल्याखेरीज कोणतीहि दूरची जागा कळत नाहीं. कारण तेथील लोकांच्या आयुष्यांत वाट पाहण्याचा भाग किती मोठा आहे, हें तोंवर ध्यानांतच येत नाहीं.

या कसोटीवर आमच्याच जिल्ह्यांतलें वाङ्मय पाहिलें तर काय आढळतें? २३ डिसेंबर १९७३ रोजीं बाबा आमटे यांनीं भामरागडजवळ हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. भामरागडास पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांचा संगम आहे, आणि पर्लकोटेला पूर आला कीं तो मुलूख बाहेरच्या जगापासून तुटतो. डॉ. प्रकाश आमटे यांचें 'प्रकाशवाटा' आणि विलास मनोहर यांचें 'नेगल' व 'एका नक्षलवाद्याचा जन्म' हीं पुस्तकें या तुटलेपणांत वर्षानुवर्षें राहिलेल्या माणसांनीं लिहिलीं आहेत. त्यांस कोणी बेटाचें वाङ्मय म्हणत नाहीं, आम्ही म्हणूं. 'प्रकाशवाटां'ची भाषा अगदीं साधी आहे, आणि अलंकार जवळजवळ नाहींतच. पण वीज नसतां आणि पुरेशीं साधनें नसतां केलेल्या उपचारांची हकीगत वाचतांना 'नाहीं' या शब्दाचा प्रतियोगी प्रत्येक वेळीं स्पष्ट असतो: भूल नाहीं, रक्त नाहीं, पलीकडे जावयास वाट नाहीं. याहि वाङ्मयाची मर्यादा आहे, ती सांगितली पाहिजे. सांगणारा येथेंहि मुख्यतः बाहेरून आलेला मनुष्य आहे, आणि माडिया मनुष्य पुष्कळदां रोगी म्हणून किंवा सोबती म्हणून पानावर येतो. 'एका नक्षलवाद्याचा जन्म' या कादंबरींत त्याच्या मनांत शिरण्याचा प्रामाणिक यत्न आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे त्यानें स्वतः सांगितलेली गोष्ट. तिची आम्ही वाट पाहत आहों.

परक्याच्या डोळ्यांचें महत्त्व आम्ही नाकारीत नाहीं. घरच्याला जें दिसत नाहीं तें पुष्कळदां पाहुण्याला दिसतें. सिरोंचा तालुक्यांतील कोटा या गांवाच्या खडकांत प्राचीन माशांचे जीवाश्म आहेत, हें एकोणिसाव्या शतकांत बाहेरून आलेल्या लोकांनींच ओळखलें, आणि आज भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत खडकांच्या एका सबंध थराला त्या लहानशा गांवाचें नांव मिळालें आहे. गांवकरी त्या दगडांवरून पिढ्यान्पिढ्या चालत होते. तेव्हां परकेपणा हा दोष मानण्याचें कारण नाहीं. लेखकाला आम्ही तीनच गोष्टी मागतों. पहिली, वाट पाहणें त्याच्या लेखांत यावें: बोट किती दिवसांनीं येते, न आली तर काय होतें, आणि तें कोणाला होतें. दुसरी, तेथल्या माणसाला त्याचें स्वतःचें तोंड असावें, आणि त्यानें लेखकाच्या मनाविरुद्ध निदान एक तरी वाक्य बोलावें. हें वाक्य 'येऊं नका' असेंहि असूं शकतें. अंदमानांतील उत्तर सेंटिनेल बेटावरच्या लोकांनीं तेंच सांगितलें आहे. १९५६ च्या संरक्षण-नियमांखालीं तेथें जाण्यास बंदी आहे, आणि नोव्हेंबर २०१८ मध्यें ती मोडून गेलेल्या एका परदेशी तरुणाचा तेथें अंत झाला. निर्जन किनाऱ्याच्या शोधांत निघालेल्या वाङ्मयानें हा नकारहि एक मजकूर म्हणून वाचावा. तिसरी गोष्ट ऋणाची. आपण काय खाल्लें, काय प्यालों, कोणाच्या डोंग्यांतून गेलों आणि तो मनुष्य एरवीं त्या दिवशीं काय करीत असता, एवढें लेखकानें लिहावें. या तीन गोष्टी आल्या तर निळाईचीं दोन विशेषणें अधिक झालीं तरी आम्ही तक्रार करणार नाहीं.

इतक्या दूरच्या बेटांसाठीं हा खटाटोप कां, असें कोणी विचारील. कारण असें कीं, वाचनानें डोळ्याला वळण लागतें, आणि तें वळण घेऊन मनुष्य पुढें कोठेंहि जातो. बेट पाहण्याची ही रीत अंगवळणी पडलेला वाचक उद्यां सिरोंच्यास येतो, उन्हाळ्यांतलें प्राणहितेचें वाळवंट पाहतो, आणि म्हणतो, काय ही शांतता, येथें कांहींच नाहीं! १३ ते २४ एप्रिल २०२२ या बारा दिवसांत याच वाळवंटावर प्राणहितेचा पुष्करमेळा भरला होता, आणि मग पुढच्या जुलैंत नदी कांठ सोडून गांवांत शिरली. जून २०१९ मध्यें सुरू झालेल्या मेडिगड्डा येथील धरणाच्या फुगवट्यानें शेतें बुडतात, अशी कांठच्या गांवांची तक्रार झाली. ऑक्टोबर २०२३ मध्यें त्याच धरणाचे कांहीं खांब खचले. म्हणजे या 'कांहींच नाहीं'च्या जागीं पुष्कळ कांहीं घडत असतें. पाहुण्याला तें दिसलें नाहीं तर फारसें बिघडत नाहीं; तो परत जातो. आमची खरी चिंता दुसरीच आहे. येथल्या शाळेंतला मुलगा 'माझें गांव' या विषयावर निबंध लिहावयास बसतो, तेव्हां त्याच्यासमोर नमुना असतो तो याच वाङ्मयाचा. तो लिहितो, 'आमचें गांव निसर्गाच्या कुशींत वसलेलें असून तेथील वातावरण शांत व रमणीय आहे.' गेल्या पुरांत आपली पुस्तकें वाहून गेलीं, किंवा नाला भरल्यामुळें आजी तीन दिवस दवाखान्यास जाऊं शकली नाहीं, हें त्यास ठाऊक असतें. पण तें लिहिण्याजोगें आहे, हें त्यास कोणी सांगितलेलें नसतें. आपल्याच घराकडे पाहुण्याच्या नजरेनें पाहावयास शिकलेल्या मुलाच्या हातून पुढें वाङ्मय कसें निर्माण व्हावें?

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच कीं, पुढच्या दिवाळी अंकांत एखादें दूरचें बेट भेटेल तेव्हां त्याच्या किनाऱ्याचा आनंद खुशाल घ्यावा. आणि 'येथें कांहींच नाहीं' हें वाक्य आलें कीं क्षणभर थांबून लेखकास मनांतल्या मनांत विचारावें: काय नाहीं, आणि तें कोणाला नाहीं? चांगल्या लेखांत या दोन प्रश्नांचीं उत्तरें त्याच पानावर मिळतील. न मिळालीं, तर तो लेख छायाचित्रांसाठीं ठेवावा. संपादकांनीं असे लेख स्वीकारतांना हेच प्रश्न विचारण्याची संवय लावून घेतली, तर पांचदहा वर्षांनीं सिरोंच्याच्या शाळेंतून येणारा निबंध निराळा असेल, अशी आम्हांस आशा आहे.